वजाबाकी

जत पंचायत समितीच्या वरच्या मजल्यावर
सकाळी साडेदहाला आम्हाला बसवलं.
पुढं ग्रामसेवक, पोलीस पाटील, अंगणवाडीच्या बाया,
मागं आम्ही, लग्नं लावणारे.
उमदीचे काझी, मिरजेहून आलेले पाळक शलमोन आवळे,
दोन भटजी, माडग्याळचा गुरव,
आणि मी, संखचा चन्नय्या हिरेमठ, जंगम,
एका काडीचा चष्मा दोऱ्यानं कानाला बांधलेला.

हजेरीपटावर हुद्द्याचा रकाना होता.
काझींनी काझी लिहिलं, पाळकांनी पाळक.
मी स्वामी लिहिलं,
मग खोडून : लग्न लावणे.

वकीलबाई विट्याच्या. आवाज बारीक, पण थांबत नव्हत्या.
मुलगी अठरा, मुलगा एकवीस.
लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, लाखापर्यंत दंड.
नुसतं माहीत नव्हतं म्हणून चालणार नाही,
खात्री केली होती हे दाखवावं लागेल.
एक भटजी उठले, "आम्ही काय पोलीस आहोत का?"
बाई म्हणाल्या, "मुहूर्त काढताना जन्मवेळ मागता ना?
मिनिटापर्यंत?"
मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं.

मागतो. घटका मागतो, पळं मागतो,
नक्षत्राचा चरण जुळला नाही तर कागद परत करतो.
साल तिथंच लिहिलेलं असतं.
तेवढी एक वजाबाकी
एकतीस वर्षांत मी केली नाही.

सिद्रायाची निंगव्वा.
टोळी कारखान्याला निघायच्या चार दिवस आधी.
मुकादमाला पुरा कोयता हवा होता, जोडीचा,
एकट्या पोराला उचल निम्मी मिळते.
अंतरपाटापलीकडं ती दिसेना
म्हणून तिच्या पायाखाली दोन पाट ठेवले,
एकावर एक.
मी ते पाट पाहिले.
घसरतील, म्हणालो, जरा भिंतीकडं सरका.

माझ्या शेजारी बसलेला ग्रामसेवक
त्या लग्नात बुंदी दोनदा मागून जेवला होता.
बाई सांगत होत्या, गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी
म्हणजे दुसरं कुणी नाही, ग्रामसेवकच.
तो फाईलच्या नाडीला गाठ मारत होता,
सोडत होता, परत मारत होता.

दुपारी मसालेभात, जिलेबी मोजून एक.
काझी हळूच म्हणाले,
"आमच्यात निकाहनाम्यावर वय लिहावंच लागतं, स्वामी.
लिहितो.
सांगतील ते लिहितो."
पाळक काही बोलले नाहीत, जिलेबी काझींच्या ताटात ठेवली.

संध्याकाळी प्रमाणपत्र मिळालं.
माझं नाव चुकलं होतं, हिरेमट.
दुरुस्त करून मागावं असं वाटलं नाही.

आठ दिवसांनी एक जण कट्ट्यावर येऊन बसला,
पोरीचा कागद घेऊन.
मी पंचांग उघडलं नाही. बोटांवर साल मोजलं.
म्हटलं, शाळेचा दाखला आण.
तो हसला. चप्पल पायात सरकवत म्हणाला,
"पंचांग काय तुमच्याच घरी आहे होय?"
आणि गाडीला किक मारून अथणीच्या रस्त्याला लागला.
तिकडं राज्य बदलतं. पोरीचं वय बदलत नाही.

बायको म्हणाली, नाही म्हणालात ना, सुटलात.
पण वहीत बाईंचं वाक्य होतं, माझ्याच अक्षरात,
नाही म्हणणं निम्मं, कळवणं उरलेलं.
निम्म्याचा हिशोब मला निंगव्वानं शिकवलेला.

१०९८ लावला. पलीकडं कुणी तरुण पोरगी.
"काका, तुमचं नाव नोंदवायचं की गुप्त ठेवायचं?"
आयुष्यभर मांडवात मी दुसऱ्यांची नावं
माईकवर घेतली, आज्या-पणज्यासकट,
चौथ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.
माझं नाव ओठाशी आलं, तिथंच बसलं.
गोठ्यात म्हैस दावं ओढत होती.

"हॅलो, काका? ऐकू येतंय का?"
"येतंय," म्हणालो.
"आधी तिच्या गावाचं नाव लिही."